पोटाचे डायलिसिस घरी करताना : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आयजीए नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडांच्या आजारामुळे वयाच्या 26 व्या वर्षी माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. पहिले तीन महिने मी आठवड्यातून 3 वेळा, प्रत्येक वेळी 4 तास, यंत्रावरचे रक्ताचे डायलिसिस घेतले. त्यात येण्याजाण्यासह अर्धा आठवडा संपत असे आणि उरलेला थकव्यात जात असे. गेले 11 महिने मी अकोल्यात घरीच सीएपीडी, म्हणजे पोटाचे डायलिसिस, करते आहे. ते निवडताना मला हवी होती तशी सविस्तर माहिती कुणी दिली नव्हती, म्हणून हे लिहिते आहे.

पद्धत समजायला सोपी आहे. बेंबीच्या बाजूला बसवलेल्या मऊ नळीतून 2 लिटर द्रव पोटात सोडायचा, काही तासांनी तो बाहेर काढायचा आणि नवा भरायचा. मधल्या काळात पोटाच्या आतल्या अस्तरातून रक्तातली घाण त्या द्रवात उतरते आणि द्रवातील डेक्स्ट्रोज ही साखर शरीरातले जादा पाणी ओढून घेते. मला अजून थोडी लघवी होते, त्यामुळे सकाळी 6, दुपारी 2 आणि रात्री 10 अशा तीनच बॅगा पुरतात. प्रत्येक खेपेला साधारण 35 मिनिटे लागतात. दुपारची बॅग मी कार्यालयातल्या जुन्या दप्तरांच्या खोलीत बदलते. त्या खोलीची किल्ली साहेबांनी काहीही न विचारता माझ्याकडे दिली, हे इथे नोंदवलेच पाहिजे.

माहितीपत्रकात न सापडणारी गोष्ट म्हणजे अकोल्याचा मे महिना. बॅग जोडताना धूळ उडू नये म्हणून दारे-खिडक्या लावून पंखा आणि कूलर बंद करावा लागतो, आणि बाहेर 45 अंश असताना तोंडाला मास्क लावून त्या कोंदट खोलीत बसणे ही एक वेगळीच तपश्चर्या आहे. हिवाळ्यात बॅग अंगाइतकी कोमट होण्यासाठी हीटिंग पॅडमध्ये गुंडाळावी लागते. उन्हाळ्यात उलट ती आधीच इतकी तापलेली असते की तशीच भरली तर पोटात चटका बसेल. म्हणून महिन्याच्या 90 बॅगांची खोकी आम्ही घरातल्या सर्वांत थंड, उत्तरेकडच्या खोलीत हलवली आणि आजीची खाट बैठकीत आली. आजी अजूनही त्यावरून कुरकुर करते, आणि तिचे चुकते असे मला वाटत नाही.

पाचव्या महिन्यात मला पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या अस्तराला जंतूंची लागण, झाला आणि त्यात चूक माझीच होती. हात नीट धुऊन झाल्यावर फोन वाजला, मी तो उचलला आणि त्याच हातांनी नळीचे टोपण काढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या. काढलेल्या द्रवाची बॅग वर्तमानपत्रावर ठेवली की एरवी खालची अक्षरे स्वच्छ वाचता येतात. त्या दिवशी मथळासुद्धा दिसेना. बॅग फेकून न देता तशीच घेऊन आम्ही रुग्णालय गाठले, कारण तपासणी त्याच द्रवाची होते, आणि पुढचे 14 दिवस बॅगेतूनच प्रतिजैविके घेतली. तेव्हापासून बॅग बदलताना फोन स्वयंपाकघरात असतो. अशी लागण वारंवार झाली तर अस्तर खराब होऊन ही पद्धत सोडावी लागू शकते, त्यामुळे या बाबतीत मी आता घरच्यांना जाच वाटेल इतकी काटेकोर झाले आहे.

किरकोळ वाटणाऱ्या दोन अडचणी प्रत्यक्षात बराच त्रास देतात. बद्धकोष्ठ झाला की फुगलेल्या आतड्यामुळे नळी दबते किंवा सरकते आणि द्रव बाहेर यायला तासभर लागतो. पहिल्यांदा असे झाले तेव्हा नळी बाद झाली असे समजून मी रडले होते, प्रत्यक्षात रेचकाच्या दोन मात्रांनी काम झाले. दुसरी अडचण सलवारीच्या नाडीची. ती नेमकी नळीच्या तोंडावर घासते, म्हणून मी सगळ्या सलवारींना रुंद इलॅस्टिक लावून घेतले.

खाण्यात मात्र मोकळीक वाढली. यंत्रावर असताना रक्तातले पोटॅशियम वाढण्याच्या भीतीने संत्रे वर्ज्य होते; आता तपासणीत पोटॅशियम कमीच येत असल्याने डॉक्टरांनी रोज एक खायला सांगितले, आणि नागपुरी संत्र्याच्या हंगामात ही बातमी लहान नव्हती. द्रवातून प्रथिने वाहून जातात, म्हणून अंडी आणि घट्ट वरण वाढवले आहे. मीठ आणि पाणी यांची बंधने कायम आहेत. डेक्स्ट्रोज अंगात शोषले जात असल्याने माझे वजन 4 किलो वाढले, ते मला आवडलेले नाही.

बॅगा, औषधे आणि तपासण्या मिळून माझा महिन्याचा खर्च 30 हजारांच्या आसपास जातो. आईचा रक्तगट जुळला नाही, त्यामुळे नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत माझे नाव आहे आणि तोवर मी हीच पद्धत चालू ठेवणार आहे. ज्यांना नोकरी टिकवायची आहे आणि ज्यांचे डायलिसिस केंद्र दूर आहे त्यांनी तिचा विचार जरूर करावा. मात्र नळी बसवण्यापूर्वी घरात दार लावून घेता येईल अशी एक खोली, 90 बॅगांना सावलीची जागा आणि आपण तापाने फणफणलेले असताना बॅग बदलू शकेल असे, रीतसर शिकलेले दुसरे माणूस आहे का, हे पाहून घ्यावे. आमच्याकडे ते माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि हात धुण्याच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा कडक आहे.