श्रीखंडाचे डबे, पत्र्याचे डबे आणि दोन पावसाळे: सोळा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मागच्या आठवड्यात आमच्या गच्चीवरील टाकीचा अलार्म दुसऱ्यांदा बंद पडला आणि टाकी भरून तासभर पाणी वाया गेले. अलार्म अगदी साधा आहे: टाकीत सोडलेल्या दोन स्टेनलेस स्टीलच्या काड्या, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (बझर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), त्याच्या बेसला, म्हणजे नियंत्रणाच्या पिनेला, १० किलो-ओहमचा रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग), एक बझर आणि ९ व्होल्टची बॅटरी. पाणी दोन्ही काड्यांना टेकले की बेसला पुरेसा प्रवाह मिळतो आणि बझर वाजतो. यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. दोन्ही वेळा घात झाला तो त्याच्या घरात पाणी शिरल्याने; ते घर म्हणजे अर्ध्या किलोचा श्रीखंडाचा रिकामा डबा, आणि म्हणूनच हा अनुभव लिहायला बसलो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या छोट्या प्रकल्पांना घर म्हणून आणि सुटे भाग साठवण्यासाठी रिकामी वेष्टने गोळा करायला मी गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्यापासून सुरुवात केली. त्याआधी मी एका विक्रेत्याकडून ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकला जाणारा एबीएस नावाच्या टणक प्लास्टिकचा तयार डबा मागवला होता. तो आला तेव्हा त्यात रबराची गॅसकेटच, म्हणजे झाकणाची फट बंद करणारी पट्टीच, नव्हती. पाच वेळा छायाचित्रे पाठवूनही ‘पॅकिंग उघडल्यानंतर वस्तू परत घेतली जात नाही’ एवढेच उत्तर मिळाले. आत बसणारे सर्किट पन्नास रुपयांचे आणि डबा त्याच्या तिप्पट किमतीचा, हे गणित मला तेव्हाही पटत नव्हते आणि आजही पटत नाही. त्या पाडव्याला आमच्याकडे आणि शेजारच्या दोन घरांत मिळून अकरा डबे रिकामे झाले, तेवढे मी मागून घेतले.

श्रीखंडाच्या डब्याविषयी माझी मुख्य तक्रार झाकणाची आहे, आणि ती सविस्तर सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बऱ्याच डब्यांच्या कडेला एक बारीक पट्टी असते आणि ती ओढून तोडल्याशिवाय झाकण उघडत नाही. डबा आधी कोणी उघडलेला नाही याची ती खूण, म्हणून ग्राहकाच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु पट्टी तुटली की त्या बाजूला झाकणाला पकड उरत नाही आणि उन्हात दोन महिने काढल्यावर तेथे नख जाईल एवढी फट पडते. शिवाय दोन कंपन्यांचे डबे सारख्याच आकाराचे दिसले तरी एकाचे झाकण दुसऱ्याला बसत नाही. मी अकराही डब्यांत पेलाभर पाणी घालून, झाकण लावून, ते रात्रभर वर्तमानपत्रावर उलटे ठेवले. सकाळी आठ डब्यांखालचा कागद ओला होता आणि तिघांखालचा कोरडा होता. त्या तिन्ही डब्यांना तुटणारी पट्टी नव्हती; त्यांचे तोंड आतून अॅल्युमिनियमच्या पापुद्र्याने बंद केलेले होते, त्यामुळे झाकणाची कडा अखंड राहिली होती. डबा निवडताना जाडी, रंग किंवा पारदर्शकपणा पाहण्याऐवजी प्रथम ही कडा पाहावी, असे माझे ठाम मत तेव्हा बनले.

हे मत बनेपर्यंत उशीर झाला होता, कारण पहिला अलार्म मी पट्टीच्याच डब्यात बसवला होता. रत्नागिरीचा जुलै त्याला झेपला नाही. डबा उघडला तेव्हा तळाशी पाणी होते, सर्किटचे भाग ज्यावर जोडतात त्या वेरो बोर्डाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता आणि बॅटरीची क्लिप गंजून तुटली होती. यंदा मात्र मी अखंड कडेचा डबा घेतला, झाकणाभोवती रबरी पट्टी बसवली आणि निश्चिंत झालो. तरीही मागच्या आठवड्यात तो आतून ओला निघाला. पहिल्या रागाच्या भरात मी पुन्हा झाकणालाच दोष दिला. नंतर डबा पुसून, वरून तांब्याने पाणी ओतून पाहिले तेव्हा झाकणाखालची कडा कोरडीठाक राहिली आणि पाणी वायरवरून ओघळत थेट भोकातून आत गेले. टाकीवरून खाली येणारी वायर मी डब्याच्या वरच्या बाजूने आत घेतली होती. म्हणजे यंदाची चूक डब्याची नव्हती, माझ्या जोडणीची होती. वायरचे भोक डब्याच्या तळाशी असावे आणि आत शिरण्यापूर्वी वायरला खाली झुकणारा एक झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या सर्वांत खालच्या बिंदूवरून गळून पडते. आता तशी जोडणी केली आहे आणि तेव्हापासूनचे सहा दिवस डबा आतून कोरडा आहे.

प्लास्टिकविषयी थोडे सांगतो. या डब्यांच्या तळाशी त्रिकोणात बहुधा ५ हा आकडा असतो, म्हणजे ते पॉलिप्रॉपिलीन असते. ते वाकते पण सहसा तडकत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. मात्र त्याला जवळजवळ कोणताच डिंक धरत नाही. इन्स्टंट ग्लूने चिकटवलेले बोर्ड दुसऱ्या दिवशी हातात येते आणि गरम ग्लूचा थेंब नखाने अख्खा निघतो. त्यामुळे ३ मिलिमीटरचे स्क्रू आणि नट हाच खरा उपाय आहे. भोक सोल्डरिंग आयर्नने, म्हणजे डाख देण्याच्या तापत्या सळीने, पाडू नये. टोक खराब होते आणि धूर छातीत जातो. शिवाय हे प्लास्टिक दही आणि वेलदोड्याचा वास धरून ठेवते. नुसत्या साबणाने धुतलेल्या एका डब्यात मुंग्यांनी बझरच्या भोकात घर केले होते. आता मी डबे धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवतो आणि नंतर दोन दिवस सावलीत वाळवतो, आणि पुन्हा मुंग्या आलेल्या नाहीत.

सुटे भाग साठवण्यासाठी मी प्रथम मिठाईचे पुठ्ठ्याचे खोके वापरले आणि त्यांच्यावर मी आज पूर्ण फुली मारली आहे. पुठ्ठा हवेतील ओल शोषून धरतो. एका पावसाळ्यात रेझिस्टरच्या तारा काळवंडल्या, सोल्डर पसरण्याऐवजी त्यांच्यावर गोळा होऊ लागले आणि प्रत्येक तार ब्लेडने खरवडून घ्यावी लागली. याउलट अनपेक्षित आनंद दिला तो पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांच्या नळ्यांनी. त्या गोळ्यांना ओलीचा स्पर्शही चालत नाही, म्हणून नळीच्या झाकणातच ओल शोषणारे दाणे बंदिस्त केलेले असतात. बोर्डाला वायरी जोडण्यासाठीची ४० पिनांची हेडरची पट्टी २.५४ मिलिमीटर अंतराच्या हिशेबाने १०१.६ मिलिमीटर लांब होते आणि ती लांब नळीत न तोडता मावते. वेष्टन म्हणून इतका विचार केलेली वस्तू आपण दर महिन्याला फेकून देतो, याचे मला खरोखर वाईट वाटते. इतर डब्यांत मी बुटांच्या खोक्यातील सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. दाण्यांनी ओल धरली की ते पुडीतून काढून, केवळ याच कामासाठी ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवतो. निळे दाणे ओल धरल्यावर गुलाबी होतात. त्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात ते कधीही तापवू नयेत.

पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यांना मी सुरुवातीला निरुपयोगी ठरवले होते आणि ते मत मला बदलावे लागले. डिसेंबरात, हवा कोरडी झाली असताना, थर्माकोलच्या तुकड्यावर खोचून ठेवलेले चार २एन७००० मॉस्फेट (स्थिर विजेने सहज बिघडणारा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) एकामागून एक निकामी निघाले. त्यांच्या गेटची, म्हणजे नियंत्रणाच्या पिनेची, सहनशक्ती २० व्होल्टची असते आणि घासलेल्या थर्माकोलवरील विद्युतभार सहज हजारो व्होल्टपर्यंत जातो. आता थर्माकोलला अॅल्युमिनियमचा कागद घट्ट गुंडाळून, मॉस्फेट आणि आयसी (अनेक पिनांच्या चिपा) यांच्या सर्व पिना त्यातून टोचून, म्हणजे त्या एकमेकींना जोडलेल्या राहतात, तो तुकडा पत्र्याच्या डब्यात ठेवतो. नव्या आयसीसोबत येणारा काळा फोमही चांगला, पण तो वर्षानुवर्षे ठेवू नये. जुना झाला की त्याचा भुगा होतो आणि पिना गंजतात.

प्रकल्पाचे घर म्हणून मात्र पत्रा सर्वत्र चालत नाही. ईएसपी८२६६ हे वायफायचे छोटे बोर्ड पत्र्याच्या डब्यात बंद केले तर वायफाय बाहेर पोहोचत नाही. १८६५० लिथियम सेल (पुन्हा चार्ज होणारा दंडगोल सेल) ठेवायचा असेल तर आतून सगळीकडे जाड, टणक प्लास्टिकचे अस्तर हवे, कारण पत्र्याला दोन्ही टोके टेकली तर आग लागू शकते. आणि २३० व्होल्टची जोडणी खाद्यपदार्थाच्या कोणत्याही डब्यात करू नये, मग तो कितीही मजबूत दिसो. पॉलिप्रॉपिलीन पेट घेते आणि वितळून ठिबकत जळते. विजेच्या कामासाठीचे डबे आग न पसरवणाऱ्या प्लास्टिकचे केलेले असतात. माझी काटकसर १२ व्होल्टला थांबते. पाण्याच्या मोटरच्या रिलेसाठी (मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचसाठी) मी मुकाट्याने पैसे मोजून योग्य डबा आणला, आणि या वेळी दुकानात तो उघडून गॅसकेट पाहूनच घेतला.

आठ गळके डबे मी फेकलेले नाहीत. त्यांत नट, स्क्रू आणि वायरचे तुकडे घरातच राहतात, आणि तेथे झाकण सैल असले तरी काही बिघडत नाही. गच्चीवरच्या दुसऱ्या टाकीसाठी आणखी एक अखंड कडेचा डबा हवा आहे. दसऱ्याचे श्रीखंड घेताना पापुद्र्याने बंद केलेला डबा कोणता, हे मी दुकानदाराला आधी विचारणार आहे, आणि त्यासाठी नेहमीची चव बदलावी लागली तरी घरच्यांनी त्याला संमती दिली आहे.