लॉफ्टमधली टाकी वाहतेय: दुरुस्ती करावी की सीलबंद हीटिंग करून घ्यावं?

ब्रिटनमध्ये जुनं घर घेतलेल्या मराठी मंडळींना हा प्रश्न हिवाळ्याच्या तोंडावर हमखास पडतो. छपराखालून बाहेर काढलेल्या ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी ठिबकायला लागतं. गच्चीवरची टाकी वाहिली की बॉल कॉक बदलायचा, ही आपली गावाकडची सवय. इकडे बघायला आलेला माणूस मात्र टाकीच काढून सीलबंद सिस्टिम (हीटिंगचं पाणी उघड्या टाकीशिवाय, बंद पाइपांत दाबाखाली फिरतं अशी) करायला सांगतो. दोन्ही उपाय खरे आहेत, पण वेगवेगळ्या बिघाडांवरचे. त्यामुळे पैसे काढण्याआधी पाणी टाकीत येतंय कुठून, हे शोधायलाच हवं.

लॉफ्टमध्ये बहुधा दोन टाक्या असतात. मोठी वापराच्या पाण्याची, आणि छोटी, साधारण 18 लिटरची, हीटिंगची. रेडिएटरमधलं पाणी तापलं की फुगतं, 100 लिटरमागे अडीच-तीन लिटर. ते सामावून घेणं हे छोट्या टाकीचं काम. म्हणून सगळं गार असताना तिच्यात तळाशी 10 सेंटिमीटरच्या आसपासच पाणी हवं. कुणी फ्लोट (बॉल कॉकचा तरंगणारा गोळा) वर चढवून टाकी काठोकाठ भरून ठेवली असेल, तर दर वेळी हीटिंग लागल्यावर ती वाहणारच. फ्लोट खाली घ्या, काम झालं.

फ्लोट बरोबर असूनही वाहत असेल, तर ही परीक्षा करा. बॉयलर बंद करून सगळं पूर्ण गार होऊ द्या. लॉफ्टमध्ये पाय लाकडी तुळयांवरच ठेवा, मधल्या जागेत खाली नुसतं छताचं प्लास्टरबोर्ड असतं. टाकीतून मगभर पाणी काढून पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली आणा, टाकीला पाणी देणारा कॉक बंद करा आणि आतल्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा. सकाळी पाणी रेघेवरच असेल, तर दोष फ्लोट व्हॉल्व्हचा. पाणी चढलं असेल, तर गरम पाण्याच्या सिलिंडरमधल्या कॉइलला (हीटिंगचं पाणी ज्यातून फिरून वापराचं पाणी तापवतं, त्या वेटोळ्या नळीला) भोक पडलंय. मोठ्या टाकीतली पातळी उंच असते, त्या दाबाने वापराचं पाणी भोकातून हीटिंगच्या पाण्यात शिरतं आणि छोटी टाकी भरत राहते.

व्हॉल्व्हचा दोष निघाला तर विचार करत बसू नका, तो बदला. काही पौंडांचा भाग आहे, आणि या कामाला गॅसच्या परवान्याचा माणूस लागत नाही. पण हे काम पुढे ढकलू नका. टाकीत सतत ताजं पाणी येत राहिलं की गंजरोधक औषध पातळ होतं, नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन येतो आणि रेडिएटरांत काळा गाळ धरतो.

कॉइल फुटली असेल तर सिलिंडर बदलावाच लागतो. इथे सीलबंद सिस्टिमचा सल्ला एकट्याने उपयोगाचा नाही. टाकी काढून जुना सिलिंडर तसाच ठेवला, तर हीटिंगकडचा दाब जास्त झाल्यामुळे गळती उलट्या दिशेने सुरू होईल: औषध घातलेलं काळपट पाणी तुमच्या आंघोळीच्या नळात, आणि दाबाचा काटा रोज खाली.

तिसरी शक्यता वेगळी. पंप चालू असताना टाकीवर वाकवलेल्या पाइपातून गरम पाणी टाकीत पडत असेल, तर बहुधा टाकीचा पाइप हीटिंगला जिथे जोडलाय तिथे गाळ साचलाय किंवा पंपाचा वेग जास्त आहे. तो सांधा कापून नवा घालता येतो. पण माझ्या मते सीलबंद करण्याचा विचार करायची खरी वेळ हीच, कारण गाळ धुऊन काढायचाच आहे. (मोठी टाकी गरम लागली तर मात्र सिलिंडरमधला विजेचा इमर्शन हीटर ताबडतोब बंद करा. त्याचा थर्मोस्टॅट अडकला तर उकळतं पाणी प्लास्टिकच्या टाकीत जातं, हे जिवावरचं आहे.)

सीलबंद केल्यावर लॉफ्टमधलं हीटिंगचं पाणी गोठण्याची भीती जाते आणि बारीक गळती लपत नाही, दाब उतरला की कळतं. उघड्या टाकीत ती महिनोन्‌महिने आपोआप भरून निघत असते. मात्र दुमजली घरात तळमजल्याच्या रेडिएटरवर आजवर जेमतेम अर्धा बार दाब होता. आता गारच 1 बार भरतात, आणि तापल्यावर तो आणखी चढतो. जुने सांधे तिथे ओलसर होऊ लागतात. म्हणून कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: गाळ धुण्याचं काम, गळके सांधे निघाले तर दुरुस्ती कोणाची, आणि तुमचा बॉयलर सीलबंद सिस्टिमवर चालतो का. गॅस बॉयलरला हात लावणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर (गॅसचं काम करायला परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीत) असलाच पाहिजे.

रेडिएटर लाकूड-कोळशाच्या स्टोव्हवर तापत असतील, तर उघडी टाकी सहसा ठेवावीच लागते. स्टोव्ह बटण दाबून विझत नाही, आणि जास्तीच्या उष्णतेला वाट हवी. अशा घरात व्हॉल्व्ह आणि पाइप दुरुस्त करून टाकी राहू द्या.