बाथरूममधले स्टीलचे पकडायचे दांडे: आईसाठी बसवले, वापरून मग लिहितोय

घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर वाचा. आईसाठी जळगावच्या एका सर्जिकलच्या दुकानातून स्टीलचे दोन ग्रॅब बार घेतले, एक दीड फुटाचा आणि दुसरा एक फुटाचा, एकेक हजाराच्या आतबाहेर पडला. ३०४ ग्रेडचं स्टील आहे आणि मधला भाग खरबरीत केलेला, त्यामुळे साबणाचा हात असला तरी पकड सुटत नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं, नळाला पाच मिनिटात पांढरा थर धरतो, पण याला अजून गंज नाही, फडकं मारलं की साफ.

आधी ऑनलाइन तो रबरी चकतीवाला मागवला होता, दाबून चिकटवायचा. फोटोत भारी दिसतो पण टाइल्सचे सांधे आणि ओल असली की कधी सुटेल सांगता येत नाही, आमचा तर आईने हात लावायच्या आत गळून पडला. कृपा करून म्हाताऱ्या माणसाचं वजन त्याच्यावर टाकू नका.

खरी मेख बसवण्यात आहे. दांड्यासोबत आलेल्या कागदावर उंची ३३ ते ३६ इंच लिहिलेली, ती उभं राहून वापरणाऱ्यासाठी ठीक आहे. आपल्याकडे आई बादली घेऊन स्टुलावर बसून आंघोळ करते, तिला आधार लागतो तो उठताना. म्हणून प्लंबरला थांबवलं, आईला कोरड्या बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, उठ, हात जिथे जाईल तिथे धर. ती आधी चिडलीच, "माले काय व्हयनं? हाई काय दवाखाना शे का?" पण उठताना हात आपोआप भिंतीकडे गेला, तिथेच पेन्सिलची खूण केली, कागदावरल्यापेक्षा बरीच खाली निघाली. दुसरा दांडा उभा लावला, दाराच्या चौकटीजवळ, उंबरा ओलांडताना धरायला.

आणि एक, नळाला पाणी रोज येत नाही म्हणून बाथरूममध्ये ड्रम असतोच, आणि आई इतके दिवस त्या ड्रमच्या काठाला धरूनच उठायची!! अर्धा रिकामा ड्रम कलंडायला कितीसा वेळ लागतो. ड्रम बाहेर काढला तेव्हा कुठे दांड्याला जागा झाली.

सोबत आलेले स्क्रू मात्र आखूड आहेत, त्याचा एक स्टार कापला. टाइल आणि प्लास्टरमध्येच संपतात, विटेपर्यंत जातच नाहीत. लांब स्क्रू आणि चांगली गिट्टी (स्क्रू घट्ट बसायला भोकात घालतात ती) हार्डवेअरमधून वेगळी घ्या, भोक पाडायच्या आधी टाइल ठोकून बघा, पोकळ वाजली तर जागा बदला. गावाकडे मातीच्या भिंतीचं घर असेल तर हा दांडा भिंतीत टिकणारच नाही, तिथे जमिनीत रोवलेला पाइप किंवा हातवाली कमोड खुर्ची बघा. बसवून झालं की आधी घरातल्या धडधाकट माणसाने लटकून बघायचं, मगच म्हाताऱ्यांना हात लावू द्यायचा.

खुर्ची, वॉकर, काठी घ्यायला पैशाची अडचण असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना एकदाच ३००० रुपये खात्यात मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत पाहिजे. अर्जाचं जिल्ह्याच्या समाजकल्याण ऑफिसात विचारा.