उन्हाळ्यातली ईको: आधी छत की आधी बॅटरी?

आमच्या घरासमोर मारुतीच्या दोन ईको व्हॅन उभ्या असतात. पांढरी कार्गो, म्हणजे मालवाहू, माझी, राखाडी पाच सीटर धाकट्या भावाची. मी कूलर-एसी दुरुस्तीवाला, तो सीसीटीव्ही बसवतो. गाडीत जरा माणसासारखं बसता यावं म्हणून दोघांनीही पैसे घातले, पण उलट्या टोकांनी. मी छतापासून सुरुवात केली, त्यानं बॅटरीपासून. आता ओळखीत कोणी व्हॅन घेतली की दोन्ही गाड्या बघायला येतो आणि विचारतो, पैसे एकाच कामापुरते आहेत, तर कोणतं करू?

त्याला मी आधी उलटं विचारतो. तुमचा दिवस गाडी चालवण्यात जातो, की गाडीत बसून वाट बघण्यात?

मी सकाळी नागपुरातल्या महाल भागातून निघतो. इतवारी, सक्करदरा, मग मनीषनगर, परत सदर. दिवसाला आठ-दहा घरं आणि प्रत्येक दारासमोर गाडी उन्हात. सलग वीस मिनिटं मी गाडीत बसलो तर खूप. भाऊ बुटीबोरी एमआयडीसीत जातो, गेटपाससाठी दोन तास बसतो, जेवणाच्या सुट्टीत प्लांटवाले शिडी लावू देत नाहीत म्हणून आणखी एक तास बसतो. गाडी तीच, पण माझ्या आणि त्याच्या अडचणी वेगळ्या.

आधी ईकोची गोम समजून घ्या. हिचं इंजिन पुढच्या नाकात नाही, पुढच्या सीटांखाली आहे. म्हणजे मे महिन्यात खालून इंजिन आणि वरून टिन, मध्ये आपण. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा दरवर्षी जात नाही, पण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, ४५ म्हटलं तर इथं कोणी मान वर करून बघत नाही. खालच्या उष्णतेवर फार उपाय नाही. सीटखालच्या झाकणाभोवतीचं रबर फाटलं असेल तर ते बदला, आणि त्या झाकणाखाली स्वतःच्या मनानं फोमबिम काही चिकटवू नका. सीएनजी असेल तर मुळीच नाही.

वरच्या उष्णतेवर मात्र उपाय आहे. भर दुपारी उन्हातून दर चौरस मीटरला साधारण १,००० वॅट उष्णता येते, आणि ईकोचं छत तीन चौरस मीटरच्या आसपास. पांढरा रंग त्यातली पंचवीस-तीस टक्केच पितो, गडद रंग जवळजवळ सगळी. म्हणून गाडी अजून घ्यायची असेल तर पहिली सुधारणा शोरूममध्येच फुकट होते. पांढरी घ्या. नंतर रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते.

छताचं काम मी दोनदा केलं, कारण पहिल्यांदा फसलं. एका दुकानदारानं दिलेल्या साध्या रबर सोल्युशननं फोम चिकटवला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झिरो माइलच्या सिग्नलला सोल्युशन पाघळलं आणि अख्खं अस्तर डोक्यावर आलं. एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्यानं छत धरलेलं, असा मी बर्डीपर्यंत आलो. पुढच्या वर्षी नीट केलं. टिन थिनरनं पुसलं, आवाजासाठी मधल्या भागात ब्युटाइल रबराच्या शीटचे तुकडे लावले, वर १० मिलिमीटर नायट्राइल फोम, उष्णता सोसणारं चिकटद्रव्य आणि शेवटी अस्तराचं कापड. हा फोम म्हणजे एसीच्या तांब्याच्या पाइपावर असतो तोच काळा फोम, फक्त शीटमध्ये. मला घरचाच माल, तरी साडेसहा हजार गेले. माझ्या तापमानाच्या गननं मोजलं तेव्हा दुपारी तीन वाजता उघडं टिन ५८ होतं, अस्तर ४५. पंचेचाळीस म्हणजे थंड नाही, पण डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटणं बंद झालं.

दोन गोष्टी दुकानात उलट्या सांगतात. ब्युटाइल शीट उष्णता अडवत नाही, ती टिनाची थरथर मारते. आणि चंदेरी बबल शीट टिनाला चप्प चिकटवली तर तिच्या चमकेचा उपयोग शून्य, चमकेसमोर हवेची फट लागते. थर्मोकोल फुकट मिळतं म्हणून लावू नका. चुरा पडतो, कुरकुरतं आणि आग पकडतं.

आता भावाची बाजू. त्यानं १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली, ती गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज करतो तो) भरायला वेगळा चार्जर, एक छोटा कॉम्प्रेसरवाला फ्रिज आणि पंखा. ६० हजारांच्या घरात गेला. त्याआधी घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी सीटमागे ठेवून बघितली होती, ती एका उन्हाळ्यात मेली. शिसाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं, आणि चार्ज होताना तिच्यातून निघणारा वायू बंद गाडीत नको. लिथियमलाही लाड लागतात. ४५ अंशांच्या वर ती भरायची नसते, म्हणून ती खाली, फरशीजवळ, सावलीच्या बाजूला. आणि बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज. वायरिंगवाला म्हणेल पुढे लावतो. ऐकू नका.

हिशेब सोपा आहे. बॅटरीत साधारण १,२८० वॅट-अवर. २० वॅटचा पंखा पाच तास चालला तर १०० गेले. फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला ५०० च्या आसपास खातो. दोन्ही आरामात निघतात. पण बॅटरीवर चालणारा छोटा एसी ६०० वॅटचा धरला तर दोन तासांत बॅटरी रिकामी. भाऊ त्या नादात होता, मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा सुटला.

तरी त्याला एक गोष्ट बॅटरी घेतल्यावरच कळली. ४४ अंशांत पंखा थंड करत नाही, भट्टीचा झोत मारतो. आपली कातडी ३५ च्या आसपास, तिच्यावर ४४ ची हवा मारून काय होणार? घाम किंवा पाणी हवं. इथं आपल्या गावाची विद्या कामाला येते. मी त्याला वीस लिटरच्या प्लास्टिक डब्याचा कूलर करून दिला: एका बाजूला वाळ्याची ताटी, वर बारा व्होल्टचा छोटा पंप, समोर पंखा. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. तासाला लिटरभर उडालं तर ते ६७० वॅटचं थंडगारपण, आणि बॅटरी जाते २५-३० वॅट. एवढं स्वस्त दुसरं काही नाही. अट एकच, कूलरच्या विरुद्ध बाजूची काच चार बोटं उघडी हवी, नाहीतर गाडीत दमट कोंडवाडा होतो. आणि मृगाचा पाऊस पडला की डबा उचलून माळ्यावर. चालत्या गाडीत तो वापरायचा नाही, एका स्पीडब्रेकरला पाणी मांडीवर येतं. माझ्या कामाला म्हणूनच तो निरुपयोगी.

मग सरळ एसीचं मॉडेल का नाही, असं विचारणारे आहेत. घेता येत असेल तर घ्या. सरकारनं १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केला, पण तो साडेतीन टनांच्या वरच्यांना. आपल्या टिनाच्या डब्यांचा त्यात नंबर नाही. कार्गोत एसी घेतलात तर सीटमागे जाड पडदा लावाच, नाहीतर तुम्ही मागच्या पाइपांना आणि गॅसच्या टाक्यांना गारवा देत बसता. छत न करता नुसता एसी लावला तर तो धापा टाकतो, हे मी धंद्यावरून सांगतो.

बसण्यावर भाऊ हरला. त्यानं चकाचक रेक्झिनचे कव्हर शिवले. दुपारी पाठ सुटताना आवाज येतो. माझ्याकडे मांजरपाटाचं धुता येणारं कव्हर आणि वर लाकडी मण्यांची गादी. दिसायला म्हाताऱ्याची गाडी, पण पाठीला वारा लागतो. गाण्यावर मात्र मी हरलो. मी मोठी स्क्रीन घेतली, उन्हात काही दिसत नाही आणि तापली की अडकते. त्याच्याकडे साधा स्टिरिओ आणि दोन स्पीकर, पण दारांत ब्युटाइल मारलंय. आकाशवाणी नागपूर लावली की दार खडखडत नाही, बाई बोलते ते ऐकू येतं. चहाची केटली दोघांनीही सोडली. १५० वॅटवर लिटरभर पाणी उकळायला अर्ध्या तासाच्या वर जातो, तेवढ्यात तर्री पोहा खाऊन होतो.

फरशीला कार्पेट नको, पावसाळ्यात खाली टिन गंजतं. वॉटरप्रूफ प्लाय आणि वर विनाइल. प्लायवर आयएस ७१० हा शिक्का बघा, तो पाणी सोसणाऱ्या प्लायचा.

काचांना काळी फिल्म लावायचा मोह भावाला झाला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१२ चा निकाल आहे, आणि नियमात पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड जायला हवा. त्यानं गाडी उभी केल्यावर लावायच्या जाळ्या घेतल्या, चालताना काढून ठेवतो. छताला भोक पाडून व्हेंट बसवणं, मागे जादा सीट ठोकणं, हे तर डोक्यातूनच काढा. परवानगीशिवाय गाडीत बदल केला तर मालकाला दर बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम आहे. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आरटीओची फिटनेस तपासणी, नंतर दरवर्षी. जे लावाल ते पान्यानं तासाभरात सुटेल असं लावा.

तर, चालवणाऱ्यानं छत, मण्यांची गादी आणि पडदा करावा, दहा हजारांत भागतं. वाट बघणाऱ्यानंही आधी छतच करावं. बॅटरी त्यानंतर, आणि फ्रिज तर सगळ्यात शेवटी. भावाला हे मी आधीच सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "दादा, छत कोणाला दिसते? फ्रिज उघडला की लोकं बघून राहतात."

राखाडी छताचं काम त्यानं अजून केलेलं नाही. पण गेल्या मे मध्ये आमच्या आईनं जुना पांढरा चादरीचा तागा काढून दिला. गाडी उभी केली की तो छतावर, खाली दोन बांबूच्या काठ्या आडव्या टाकून, म्हणजे कापड आणि टिनाच्या मध्ये वारा खेळतो. चार कोपऱ्यांना नाड्या. बांधायला तीन मिनिटं लागतात. ६० हजारांच्या सामानापेक्षा त्या चादरीनं जास्त फरक पडला, हे तो माझ्यासमोर कबूल करत नाही. बुटीबोरीच्या गेटवरचा वॉचमन मात्र रोज विचारतो, "काय भाऊ, मांडव टाकला, लग्न कोणाकडे आहे?"