काळ्या दगडाचा खलबत्ता आणि लसणाच्या पातीचा पेस्टो

साताऱ्याबाहेर रस्त्याच्या कडेला पाटे-वरवंटे, जाती आणि खलबत्ते मांडून बसणाऱ्या पाथरवटांकडून मी गेल्या दिवाळीनंतर काळ्या दगडाचा एक मोठा खलबत्ता विकत घेतला. लसणाच्या कोवळ्या पातीचा पेस्टो, म्हणजे पाने, दाणे, चीज आणि तेल घोटून केलेली इटालियन धाटणीची चटणी, घरी नीट करता यावा, एवढ्याच हेतूने तो घेतला. हिवाळाभर वापरल्यानंतर त्याच्याविषयी खात्रीने काही लिहिता येईल असे वाटते. खलाचा बाहेरचा व्यास सात इंच, उंची पाच इंच आणि आतली खोली साडेतीन इंच आहे. बत्त्यासह वजन साडेआठ किलोच्या आसपास भरते आणि किंमत बाराशे रुपये पडली.

पेस्टो आमच्या घरात आला तो मुलीमुळे. ती जर्मनीत फ्रायबुर्गला राहते आणि गेल्या एप्रिलमध्ये मी तिच्याकडे गेले असताना तिच्याबरोबर पेस्टोसाठी जंगली लसूण खुडण्याचा योग आला. तिकडच्या ओलसर, सावलीच्या रानात मार्चपासून या वनस्पतीची पाने जमिनीवर दाट पसरतात. वरच्या झाडांना पालवी फुटून सावली गडद होण्याआधी जे ऊन खाली पोचते, त्यावरच ती आपली वर्षाची बहुतेक वाढ उरकून घेते, पुढे तिला सहा पाकळ्यांची पांढरी फुले येतात आणि उन्हाळा लागता लागता पाने पिवळी पडून नाहीशी होतात. आपल्या लसणाचा आपण गड्डा वापरतो, तिच्या बाबतीत मात्र खायची ती मुख्यतः पाने, तीही फुले येण्याआधीची. हातात चुरडल्याबरोबर लसणाचा स्वच्छ वास येतो आणि जिभेवर तिखटपणा येतो तो कच्च्या पाकळीपेक्षा पुष्कळ सौम्य असतो.

खुडण्याच्या कामात तिथली जाणती माणसे जी काळजी घेतात, ती मला फार मोलाची वाटली. जंगली लसणाच्या शेजारीच त्याच्यासारखी दिसणारी दोन विषारी झाडे उगवतात, एक लिली ऑफ द व्हॅली आणि दुसरे कोल्चिकम. लसणाचे प्रत्येक पान आपल्या स्वतंत्र देठावर जमिनीतून वर येते आणि त्याची खालची बाजू निस्तेज असते; लिलीची पाने बहुधा जोडीने एकाच दांड्यावर असतात व खालून चकचकतात; कोल्चिकमच्या पानांना देठच नसतो. केवळ वासावर विसंबणे धोक्याचे, कारण चार पाने खुडली की बोटांनाच लसणाचा वास लागतो आणि मग पाचवे पान कशाचेही असले तरी त्याला लसणाचाच वास येतो. हे सातारकरांना सांगण्याचे कारण असे की या दोन्ही विषांचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीत आहेत. कोल्चिकममध्ये असणारे कोल्चिसीन पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या लाल-पिवळ्या कळलावीतही असते, आणि लिलीप्रमाणे हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आपल्या माळरानावरच्या कोळकांद्यात असतात, ज्याचा कंद पाहून कोणालाही तो खाण्याचा कांदाच वाटावा. म्हणून परदेशातल्या चित्रफिती पाहून आपल्याकडच्या डोंगरात ‘रानलसूण’ शोधायला कोणीही जाऊ नये. युरोपातला तो लसूण इथे उगवत नाही, आणि कासच्या पठारावर तर काहीही खुडण्यास मनाई आहे, ती योग्यच आहे. रानातले काही खायचेच असेल तर पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन जावळी-पाटणकडून बाजारात येणाऱ्या मावश्यांकडून घ्यावे. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख त्यांच्या हातात आहे.

पेस्टोसाठी आपल्याकडे लसणाची पात आहे आणि ती त्या रानातल्या पानाच्या चवीच्या फार जवळ जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या लसणाची कोवळी पात डिसेंबर-जानेवारीत मंडईत जुड्यांनी येते. खालचा गड्डा अजून धरलेला नसेल, पांढरा भाग पेन्सिलीहून जाड नसेल आणि टोके पिवळी पडलेली नसतील, अशीच जुडी घ्यावी. निबर झालेल्या पातीत दोरे असतात आणि ते दोरे कोणत्याही खलात मोडत नाहीत.

आता खलाविषयी. घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या आणि तिन्हींचा पुढे उपयोग झाला. पहिली म्हणजे दगड. आपल्या भागातला काळा पाषाण हा बेसाल्ट, घट्ट आणि जड. पण त्यातही बारीक छिद्रांचा, पोकळ जातीचा दगड मिळतो आणि त्या छिद्रांत वाटण अडकून कुजते. खलात पाणी ओतून थोडा वेळ ठेवावे, दगडाने ते पिऊन टाकले तर तो घेऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे टाकीचे घाव. आतून हाताला बारीक, सारखा खरखरीतपणा लागला पाहिजे. आरशासारखा गुळगुळीत केलेला खल दिसायला देखणा असला तरी त्यात पात नुसती घसरत राहते. साच्यातून काढलेले सिमेंटचे खलही दगडाचे म्हणून विकले जातात, त्यांच्यावर टाकीच्या खुणा नसतात आणि ओल्या बोटाने घासले की बोट राखाडी होते. तिसरी गोष्ट म्हणजे बत्त्याचे बूड. ते खलाच्या तळाच्या गोलाईशी जुळणारे हवे, नाहीतर मधोमध कुटले जाते आणि कडेचे तसेच राहते. विकणाऱ्या बाईंनी न सांगता चार बत्ते काढून एकेक खलात फिरवून दाखवले आणि जो जुळला तोच दिला. या एका गोष्टीसाठी तरी ही खरेदी दुकानातल्या खोक्यापेक्षा सरस ठरते.

नवा खल लगेच वापरता येत नाही. मूठभर तांदूळ घेऊन ते पीठ होईपर्यंत घोटावे, टाकून द्यावे आणि पुन्हा नवे घ्यावे. पहिले पीठ करडे निघते. ते पांढरेशुभ्र निघेपर्यंत हे करत राहावे लागते. त्यानंतर खडे मीठ आणि लसणाच्या दोन-चार पाकळ्या घोटून धुतले की खल तयार. याला अर्धा दिवस जातो आणि तो देण्याची तयारी नसेल तर दगडाच्या वाटेला जाऊ नये, कारण वाटणात कच आली की दाताखाली आलेला तो एक कण सगळ्या चवीवर पाणी फिरवतो.

पातीचा पेस्टो करताना खलाचे गुण दिसतात. शंभर ग्रॅम पात धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करावी, मग आडवी, अगदी बारीक चिरावी. तिचे तंतू लांबीच्या दिशेने असल्याने ही चिरणी टाळता येत नाही. खलात आधी पाव चमचा खडे मीठ आणि चाळीस ग्रॅम दाणे घालून भरड करावी, नंतर पात मुठीमुठीने घालावी. इथे कुटायचे नसते. बत्ता तळाशी टेकवून खलाच्या भिंतीवर दाबत गोल फिरवायचा असतो, आणि डाव्या हाताने खल उलट दिशेने थोडा थोडा सरकवायचा असतो. सुरुवातीला पात नुसती चेपली जाते, दोरे बत्त्याला चिकटतात; मग मीठ पाणी ओढते, तळाशी गडद हिरवा रस जमतो, दाण्याचे तेल सुटून तो रस दाट होतो आणि एका क्षणी सगळे मिश्रण भिंत सोडून बत्त्यामागे एकत्र फिरू लागते. त्यानंतरच चाळीस ग्रॅम किसलेले चीज आणि ऐंशी मिलिलिटर तेल हळूहळू घोटून घालावे. एवढ्याला वीसेक मिनिटे लागतात.

मिक्सरमध्ये हेच काम मिनिटभरात होते, आणि घाईच्या दिवशी ते करण्यात काही गैर नाही. मात्र फरक खरा आहे. लसणाचा उग्रपणा त्याच्या पेशी फुटल्यावर तयार होतो. आत वेगवेगळे ठेवलेले ॲलिइन हे द्रव्य आणि ॲलिनेज हे विकर एकत्र आले की ॲलिसिन बनते. पात्याखाली पेशी अतिशय बारीक फाटतात, शिवाय भांडे तापते, त्यामुळे मिक्सरचा पेस्टो एकजीव पण जहाल होतो आणि चांगले ऑलिव्ह तेल त्यात कडवट लागू शकते. खलातल्या पेस्टोत काही तुकडे भरड राहतात, चव टप्प्याटप्प्याने येते, पातीचा गोडवा कळतो. माझ्या मते लसणाच्या पातीसाठी हा फरक वीस मिनिटांच्या मोलाचा आहे. कोथिंबिरीच्या रोजच्या चटणीसाठी तो तितका जाणवत नाही.

जिनोवाच्या मूळ पेस्टोत तुळशीच्या जातीतली बेसिल, लसूण, पाइन नट, पार्मिजानो आणि पेकोरिनो ही चीज, ऑलिव्ह तेल आणि मीठ असते, आणि तो संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने करतात. लाकडी बत्त्याची गोष्ट इथेही उपयोगी पडली. दगडावर दगड फिरला की पाने जास्त चिरडतात, म्हणून मी सुतारांकडून बाभळीचा एक बत्ता करून घेतला. दाणे दगडी बत्त्याने आणि पात लाकडी बत्त्याने, अशी वाटणी उत्तम जमते. पाइन नट म्हणजे आपल्याकडे मिळणारे चिलगोजे त्यांच्या जवळचे, पण फार महाग; साताऱ्याच्या भुईमुगाचे मंद भाजून सोललेले दाणे मला पातीबरोबर अधिक शोभतात. घाण्याचे शेंगतेल मात्र पूर्ण घातले तर त्याचाच वास वर येतो आणि पदार्थ चटणीकडे झुकतो, तेव्हा ते निम्मे आणि ऑलिव्ह तेल निम्मे घ्यावे. शाकाहारी घरांनी एक लक्षात ठेवावे की अस्सल पार्मिजानो वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, विरजतात. वेष्टनावर हिरवी खूण असलेले, शाकाहारी रेनेटचे जुनवलेले चीज बाजारात मिळते आणि ते इथे पुरेसे आहे. पास्त्यात घालायचा तर गॅस बंद करूनच कालवावा. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर तो त्याहून चांगला लागतो.

खलाच्या उणिवाही सांगायला हव्यात. एका वेळी पन्नास-साठ ग्रॅमपेक्षा जास्त पात त्यात नीट घोटली जात नाही, म्हणजे वर दिलेले प्रमाण दोन खेपांत करावे लागते. ओट्यावर नुसता ठेवला तर तो फरशीवर ओरखडे काढतो. खाली जाड गोणपाट किंवा दुमडलेले सुती फडके हवेच. धुण्यासाठी उचलणे हे मनगट दुखणाऱ्या माणसाचे काम नाही. ज्यांना खांद्याचा किंवा मनगटाचा त्रास आहे त्यांनी याच्या निम्म्या वजनाचा घ्यावा. वर्षाकाठी घासून आतला खरखरीतपणा गेला तर त्याला पुन्हा टाकी लावून घ्यावी लागेल, आणि ते काम करणारे फिरते कारागीर आता पूर्वीसारखे दारावर येत नाहीत. घेतानाच त्यांचा ठावठिकाणा विचारून ठेवावा.

तयार पेस्टो काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्येच ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. वर तेलाचा थर दिला की तो बाहेरही टिकतो, हा समज घातक आहे; तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात पुरेसे आम्ल नसते, आणि अशाच जागी बोट्युलिझमचे जंतू विष तयार करतात, ज्याचा वास किंवा चव कळत नाही. जास्त केला असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. खल मात्र साबणाने धुऊ नये, दगड तो वास धरतो. गरम पाणी आणि नारळाच्या काथ्याची घासणी पुरते, आणि पालथा न घालता उताणाच उन्हात वाळवावा. एवढे करूनही लसणाचा वास काही दिवस राहतोच, म्हणून वेलदोडे-जायफळ कुटण्यासाठी घरातला जुना लहान खल वेगळा ठेवावा.