ट्रॉलीतली लाल माती: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

माती चांगली आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचा त्रागा वाचून कुणाला वाटेल की माल फेकून द्यायच्या लायकीचा निघाला. भांडण मापावरून आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

घर कोल्हापूर शहराच्या बाहेर, पुढे ३० बाय २० फुटांची मोकळी जागा, तिथे लॉन करायचं होतं. ६ इंचांचा थर धरला की २०० चौरस फुटांना एक ब्रास (१०० घनफूट) लागतो, म्हणजे आमच्या ६०० फुटांना ३ ब्रास. पण भुसभुशीत माती पाणी प्यायली की साधारण पाचवा हिस्सा खाली बसते. तेवढी घट धरून पावणेचार ब्रास आले, मी चार सांगितले. भाव घरपोच २,८०० रुपये ब्रास. खरेदी मुद्दाम मे महिन्यात केली. कारखान्यांचा हंगाम संपलेला असतो, उसाचे ट्रॅक्टर दारात उभे असतात, भाड्यात घासाघीस करता येते. शिवाय वळीव पडून गेला की ओल्या मातीचं वजन वाढतं आणि ट्रॉली दारातच रुतते.

आता माप. ‘एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास’ हे आपल्याकडे कुणी विचारतही नाही. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २० इंच उंच असेल तर ते खरंही आहे, बरोबर १०० घनफूट भरतात. पहिली ट्रॉली रिकामी झाल्यावर मी आत चढून टेप लावली. लांबी साडेनऊ, रुंदी पावणेसहा, उंची दीड फूट. गुणाकार ८२ घनफुटांच्या आत-बाहेर. पावतीवर मात्र ठसठशीत ‘१ ब्रास’.

ड्रायव्हर म्हणाला, “काका, टेपनं माती मोजणारं गिऱ्हाईक पयल्यांदाच बगतोय.” विक्रेत्याला फोन लावला तर त्याचं उत्तर तयार, “वर शीग असती की सर, ती धरा!” शीग, म्हणजे फळीच्या वर आलेला मातीचा ढीग, असती तर धरलीच असती. पण शाहूवाडीच्या बाजूने खड्ड्यांतून हादरत आलेल्या ट्रॉलीची शीग वाटेतच मोडते आणि माती फळीच्या कडेला सपाट येऊन बसते. पहिल्या तीन ट्रॉल्या तशाच आल्या. चौथी, बहुधा माझ्या फोनमुळे, शिगोशीग भरून आली. ती पूर्ण ब्रास धरतो, अन्याय कुणावर करायचा नाही. उरलेल्या तिघींची तूट प्रत्येकी १८, एकूण ५४ घनफूट. पैशात १,५१२ रुपये. विक्रेत्याने ५०० सोडले आणि वर “माती काय सोनं हाय व्हय?” असंही ऐकवलं. सोनं नाही हे मान्य, पण पैसे तर मी खरेच दिले होते.

बायकोचं म्हणणं, एवढ्याशा मातीसाठी माणसाने किती दिवस धुमसावं. कंपाउंडच्या भिंतीवर मी खिळ्याने ओरखडून मातीची पातळी नोंदवून ठेवली आहे. पावसाळ्यानंतर थर साडेपाच इंचांवर बसला. माप पूर्ण असतं तर सहाच्या वर राहिला असता. लॉनला चार इंचही पुरतात हे मला माहीत आहे, ते कृपया कुणी सांगू नये.

खुद्द मातीबद्दल. आधी एका दुसऱ्याने ‘बागेची माती’ म्हणून जी दाखवली, ती सरळ कुठल्यातरी इमारतीच्या पायातून निघालेली चिकट काळी माती होती. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चमचाभर धुण्याची पावडर, आणि जोरात हलवून ठेवून दिली. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, त्यावर गाळ काही तासांत, चिकणमातीला दिवस-दोन दिवस लागतात. त्या नमुन्यात वाळूची रेघ नखाएवढी आणि पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच. या लाल मातीच्या बरणीत वाळूचा जाड थर दिसला आणि वरचं पाणी बरंच निवळलं. फक्त ती उपाशी माती आहे. जांभ्याची, आम्लधर्मी, त्यातलं लोह स्फुरद धरून ठेवतं आणि मुळांना सहज मिळू देत नाही. म्हणून वरच्या थरात शेणखत आणि चांगली कुजलेली जुनी प्रेसमड (साखर कारखान्यात रस गाळून उरलेली मळी) मिसळली. ताजी प्रेसमड घेऊ नका. ती कुजताना तापते, वास तर विचारूच नका.

लॉनच्या तयार गाद्या न आणता हरळीचे ठोंब टोचले. जून उजाडेपर्यंत मी या मातीला पाचपैकी दोन तारे दिले असते. जुलैत मत बदललं. इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. शेजारच्यांनी स्वस्तात काळी माती भरली होती, त्यांच्या दारात आठवडाभर चिखल, पाऊल टाकलं की चप्पल आत. आमच्याकडे सर थांबली की तासाभरात हिंडता येत होतं. ऑगस्टअखेर हरळी एकमेकींत गुंतली. आता थंडीत उलटा प्रकार आहे. लाल माती पाणी धरून ठेवत नाही, पाईप घेऊन वरचेवर उभं राहावं लागतं.

आणि हो, मातीबरोबर लव्हाळा आला. पान उपटलं की काळी गाठ खालीच राहते आणि तिथून नवा कोंब येतो. खुरप्याने खोलवर जाऊन गाठच काढावी लागते. ते काम बायको करते, आणि तिच्या मते १८ घनफुटांपेक्षा हा मुद्दा वरती यायला हवा होता.

पोती घेतली असती तर? २५ किलोच्या पोत्यात जेमतेम २० लिटर माती बसते, एका ब्रासला अशी १४० पोती लागतात. आमच्या नर्सरीत पोतं १५० रुपयांना आहे, म्हणजे ब्रास २१,००० ला. कुंड्यांसाठी ठीक आहे, अंगणासाठी नाही.

तीन तारे. मातीला चार देतो, मापाला एक कापला. भिंतीकडेच्या वाफ्यासाठी अजून ४० घनफूट लागणार आहे आणि माती याच माणसाकडून घेणार आहे. फोनवर सांगून ठेवलंय, फळीपर्यंतची माती मोजून पैसे, शीग वेगळी. तो म्हणाला, “सर, तुमी घमेल्यानं मोजून घ्या.” घेणार आहे.