व्हीएमस्टॅट आणि सार: काही महिने रोज वापरल्यानंतर

आमच्या एका लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि जावाचं ॲप्लिकेशन शेजारीशेजारी चालतात. रॅम ८ जीबी, स्वॅप (रॅम कमी पडली की तिथला मजकूर ठेवायची डिस्कवरची जागा) ४ जीबी. गेले काही महिने त्याच्या मेमरीवर मी कमांड लाइनवरूनच लक्ष ठेवतोय. आत्ता काय चाललंय ते बघायला व्हीएमस्टॅट, आणि मागे काय घडलं ते बघायला सिसस्टॅट पॅकेजमधलं सार. मशीन मेमरीसाठी तडफडत असताना डॅशबोर्डचं पान उघडायलाच वेळ लागतो. एसएसएचचं (दुरून सर्व्हरवर कमांड द्यायची जोडणी) एक सेशन आधीच उघडं असेल तर व्हीएमस्टॅट तेव्हाही उत्तर देतं, कारण ते फक्त /प्रॉक मधल्या (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपली माहिती जिथे दाखवतो ती जागा) दोन-चार फाइली वाचतं.

नुसतं व्हीएमस्टॅट टाइप करून एंटर मारू नका. जी एक ओळ येते ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, आत्ताच्या अडचणीबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही. पुढे ५ हा आकडा द्या, म्हणजे दर ५ सेकंदांनी नवी ओळ येईल, आणि पहिली ओळ सोडून वाचायला लागा. छोटा डब्ल्यू हा पर्याय दिला की रकाने रुंद होतात, छोटा टी दिला की प्रत्येक ओळीच्या शेवटी वेळ येते. हे दोन मी कायम लावतो. मोठ्या रॅमच्या मशीनवर डब्ल्यूशिवाय आकडे सरकतात आणि कुठला आकडा कुठल्या रकान्याचा ते कळेनासं होतं.

नवीन माणूस घाबरतो तो फ्री हा रकाना बघून. आमच्याकडे तो दिवसभर दीड-दोनशे एमबीवर असतो, आणि ते अगदी ठीक आहे. रिकामी पडलेली रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी (वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला) वापरतं आणि गरज लागली की सोडून देतं. किती मेमरी खरोखर मिळू शकते हे बघायचं तर फ्री कमांडमधला अव्हेलेबल हा रकाना बघावा. तो अंदाज कर्नल स्वतः देतं, २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून. एसडब्ल्यूपीडी या, स्वॅप किती वापरात आहे ते दाखवणाऱ्या रकान्याचंही तसंच. स्वॅपमध्ये ६०० एमबी पडून आहेत म्हणजे कधीतरी ती पानं (मेमरीचे छोटे तुकडे) रॅमबाहेर गेली, एवढंच. ती परत कोणी मागत नसेल तर पडू द्यावीत.

खरं दुखणं कळतं ते एसआय आणि एसओ या दोन रकान्यांत: स्वॅपमधून रॅममध्ये येणारं आणि रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं, केबी प्रतिसेकंद. माझ्या मते सगळ्या आउटपुटमध्ये हीच जोडी सगळ्यात मोलाची. साठा किती आहे यापेक्षा ये-जा किती चालली आहे ते बघायचं. एखादी ओळ वर गेली तर सोडून द्या. ओळीमागून ओळी दोन्ही आकडे चढे असतील तर मात्र मशीन कामाऐवजी पानांची ने-आण करत बसलं आहे.

आमच्याकडे संध्याकाळी रिपोर्ट निघतात तेव्हा ॲप्लिकेशन अडकतं, अशी तक्रार होती. सकाळी बघावं तर सगळं निवांत. सारला मोठा डब्ल्यू पर्याय आणि आदल्या दिवसाची फाइल दिली, तर साडेसहाच्या पुढच्या दोन नोंदींत आत-बाहेर दोन्हीकडे हजारभर पानं प्रतिसेकंद, आणि बाकी दिवसभर शून्य. (सार इथे पानं मोजतं आणि व्हीएमस्टॅट केबी. पान ४ केबीचं असल्यामुळे दोन्हींची तुलना करताना चारने गुणायचं.) त्या संध्याकाळी व्हीएमस्टॅट लावून बसलो. एसआय चार हजारांच्या वर, एसओ त्याहून जास्त, बी रकान्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या ६ प्रोसेस, आणि यूएस (प्रोग्राम चालवण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) जेमतेम ८ टक्के. सीपीयू मोकळा आणि लोक खोळंबलेले. पिडस्टॅटला (सिसस्टॅटमधलंच, प्रोसेसवार आकडे देणारं) छोटा आर पर्याय दिल्यावर प्रोसेसही सापडल्या: सगळे रिपोर्ट एकाच वेळी सुटत होते आणि प्रत्येकाची वेगळी जावा प्रोसेस उभी राहत होती. ते एकामागून एक लावले आणि तक्रार थांबली. स्वॅपीनेस (कर्नलने स्वॅपकडे किती लवकर वळावं ते ठरवणारा आकडा) ६० वरून खाली आणायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता, पण रॅमच कमी पडत असताना त्याने काय होणार?

स्वॅपच नसलेल्या मशीनवर मात्र ही जोडी गप्प राहते. तिथे मेमरी संपत आली की कर्नल प्रोग्रामच्या कोडची पानं टाकून देतं आणि लगेच डिस्कवरून पुन्हा वाचतं. एसआय-एसओ शून्य, बीआय (डिस्कवरून वाचलेलं) भरमसाट. अशा वेळी सारला मोठा बी देऊन मेजर फॉल्टचा (पान डिस्कवरून आणावं लागलं अशा वेळा) रकाना बघावा, चित्र लगेच स्पष्ट होतं.

सारच्या नोंदी आपोआप सुरू होतील असं धरून चालू नका. डेबियन-उबंटूवर /ईटीसी/डिफॉल्ट/सिसस्टॅट या फाइलमध्ये एनेबल्ड ट्रू आहे ना ते तपासा. मुळात नोंद दर १० मिनिटांनी होते, त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा झटका सरासरीत विरून जातो. मी टायमर २ मिनिटांवर आणला, सर्व्हरला काही जाणवलं नाही. जुन्या फाइली किती दिवस ठेवायच्या तेही वाढवून घ्या, महिनाअखेरची तुलना करायची तर आठवडाभराच्या नोंदी पुरत नाहीत.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. व्हीएमस्टॅट प्रोसेसचं नाव सांगत नाही. डब्ल्यूए या रकान्यावर माझा फारसा भरवसा नाही: तो सीपीयूचा रिकामाच वेळ असतो, फक्त आयओ (डिस्कवरचं वाचन-लेखन) बाकी असताना मोजलेला, त्यामुळे दुसरं एखादं काम सीपीयू खायला लागलं की तो उतरतो आणि डिस्क सुधारल्यासारखी वाटते. झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) वापरत असाल तर एसआय-एसओमध्ये त्याची ये-जाही धरली जाते, तेव्हा आकडे वर दिसले तरी डिस्कला हातही लागलेला नसतो. आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये (एकाच मशीनवर ॲप्लिकेशनला वेगळं ठेवणारा कप्पा) सहसा आकडे दिसतात ते सगळ्या होस्टचे, म्हणजे मूळ मशीनचे. कंटेनरची मर्यादा भरत आली तरी इथे पत्ता लागत नाही, त्यासाठी सीग्रुपमधली (कंटेनरच्या मर्यादा सांभाळणारी कर्नलची सोय) मेमरी करंट ही फाइल वाचावी लागते.

कर्नल ४.२० किंवा त्यापुढचं असेल तर /प्रॉक/प्रेशर/मेमरी ही फाइलही सोबत बघा. मेमरीपायी कामं किती टक्के वेळ अडून राहिली ते ती थेट सांगते, १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीत. अलर्ट मी आता हिच्यावर लावलाय. अलर्ट वाजला की टाइप करतो मात्र व्हीएमस्टॅटच.